वीतभर अंतर

ठप्प.

आणि मग काहीच नाही.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा असा एकच ठोका पडला, आणि पुढचा येईना. मला वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. इथलं माणूस दार ओढून कुठेतरी निघून गेलंय. मग बऱ्याच वेळाने, कोरड्या विहिरीच्या तळाला बादली टेकावी तसा, लांबून दुसरा ठोका आला. ठप्प.

त्या दोन ठोक्यांमध्ये जी जागा होती, ती भरण्यासाठी मला बनवलं होतं.

मी पेसमेकर. काडेपेटीहून लहान, तिच्याहून चपटा, कडा गुळगुळीत, रंग राखाडी. माझ्याबद्दल लोक मोठमोठं बोलतात, पण खरं सांगतो, मी फार शिकलेला नाही. मला एकच गोष्ट शिकवली. ऐकायचं, आणि एक सेकंद वाट बघायची. तेवढ्यात हृदयाचा ठोका पडला तर गप्प बसायचं. नाही पडला तर हळूच एक धक्का द्यायचा, झोपलेल्या माणसाच्या खांद्याला बोट लावावं इतका. बस. एवढ्या शिदोरीवर मी दहा वर्षं काढली. म्हणून मी सावकाश बोलतो, मध्येच थांबतो. सवयच तशी लागली.

माझा जन्म एका पांढऱ्या खोलीत झाला. भिंती पांढऱ्या, झगे पांढरे, बोलणंही दबक्या आवाजात. धुळीचा एक कण आत आला तरी तिथे सगळ्यांची धावपळ उडायची. भिंगातून बघत बसलेल्या एका बाईने माझ्या पोटात तारा बसवल्या, केसाहून बारीक. तिच्या तोंडावर फडकं होतं, त्यामुळे चेहरा मी कधी पाहिला नाही. पण काम करताना ती श्वास धरून ठेवायची आणि तार जुळली की सोडायची. वाट बघणं मी बहुतेक तिच्याकडूनच उचललं.

मग मला धातूच्या कवचात कायमचं बंद केलं. तापवलं, गार केलं, हलवलं, तपासलं, खोक्यात घातलं. इस्पितळातल्या एका कपाटात मी किती दिवस पडून होतो, माहीत नाही. मला दिवस मोजता येत नाहीत. सेकंद येतात.

ज्याच्याकडे मी राहायला गेलो, तो स्पीकर दुरुस्त करायचा.

गल्लीच्या टोकाला, दोन पायऱ्या चढून, त्याचं एका खोलीचं दुकान होतं. फाटक्या पुठ्ठ्याचे स्पीकर, पोचे आलेले कर्णे, सरसाची बरणी, कागदाच्या बारीक पट्ट्यांनी भरलेला ड्रॉवर. लोक त्याला उस्ताद म्हणत. मी मनातल्या मनात त्याला माझा म्हातारा म्हणतो. तेव्हा तो जेमतेम साठीचा होता, पण त्याचं हृदय म्हातारं झालं होतं, आणि माझी ओळख आधी हृदयाशी झाली.

माझ्या आधी काय घडलं ते मला पाठ आहे, कारण त्याची बायको ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

"दोन पायऱ्या चढायच्या तर मध्ये बसायचे हो हे! दोन पायऱ्या! मी म्हटलं, वय झालं. हेही म्हणाले, वय झालं. दोघांनी मिळून सगळं वयाच्या माथी मारलं आणि चहा प्यायलो."

मग एका दुपारी डाख देता देता तो स्टुलावरून खाली घसरला. तापलेली सळई हातातून सुटली, फरशीवर काळा डाग पडला. तो डाग अजून आहे. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याची नाडी धरली. मिनिटाला बत्तीस ठोके.

"काका, तुमचं हृदय चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोहोचत नाही. मग खालचा आपला स्वतःच्या सवडीने चालतो. डोक्याला रक्त कमी पडतं. म्हणून दम लागतो, म्हणून चक्कर येते."

"म्हणजे यंत्र चांगलं, तार सैल," म्हातारा म्हणाला.

"अगदी बरोबर."

"मग द्या डाख आणि सोडा घरी."

"देऊ ना. पण त्यासाठी आत एक छोटी पेटी बसवावी लागेल. ती हृदयाकडे लक्ष ठेवील. ते रेंगाळलं की चालवील."

तो हिरमुसला. "म्हणजे आता मशीनवर जगायचं?"

"जन्म गेला तुमचा मशीनवर जगण्यात," बायको म्हणाली. "आता जरा मशीनला तुमच्यावर जगू द्या."

अशी माझी सोयरीक जमली.

डाव्या बाजूला, गळ्याजवळच्या हाडाखाली, कातडीच्या आत त्यांनी माझ्यासाठी एक खिसा केला. शिरेतून तारा हृदयापर्यंत सोडल्या. तेवढीच जागा बधिर केली होती. म्हातारा जागा होता आणि डॉक्टरीणबाईंना हातातला पेचकस धरायची पद्धत शिकवत होता. त्यांनी तारेचं टोक माझ्यात घातलं आणि पेच आवळला. तेव्हा तो आवाज आला, जो मी सुरुवातीला सांगितला.

ठप्प. आणि मग काहीच नाही.

मी एक सेकंद मोजला. मग मी बोललो.

ठोका पडला. मी पुन्हा मोजलं, पुन्हा बोललो. थोड्या वेळाने म्हातारा म्हणाला, "आता दिवा लावला का कुणी?" कुणीच लावला नव्हता. दिवे आधीपासून चालू होते.

मी जिथे राहत होतो तिथे उजेड नाही. ऊब आहे, आणि एक मंद वाहतेपण आहे. बाहेरचं जग तिथे हाडांमधून झिरपत येतं, पाण्याखालून बोलणी ऐकावीत तसं. शब्दांच्या कडा झिजलेल्या असतात, पण बोलणाऱ्याचं मन जास्त नीट कळतं. त्याचा स्वतःचा आवाज तर मला माझाच वाटायचा. तो जिना चढू लागला की माझ्या अंगातली एक कळ हलायची आणि मी वेग वाढवायचो. तो बसला की मीही पाय पसरायचो. झोपेत त्याचा श्वास लांबत जायचा आणि मला वाटायचं, आम्ही दोघं एका होडीत पडलो आहोत, वल्ही माझ्या हातात आहेत, आणि काठ कुठे आहे हे दोघांनाही माहीत नाही.

माणसांच्या काही खोडी मला तिथूनच कळल्या. माणूस "मी" म्हणताना छातीवर हात ठेवतो, माझ्या दारावरच. माणूस "मला काही होत नाही" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा होत असतं. तोंड एक बोलतं आणि हृदय मागून हळूच अडखळतं. बायको विचारायची, "गोळी घेतली?" तो म्हणायचा, "घेतली." अडखळायचं. मग तो उठून जायचा आणि गुपचूप घ्यायचा.

इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी नियम सांगितले होते. डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही. मोबाइल डाव्या खिशात नाही. तपासणीची तारीख चुकवायची नाही.

"आणि चुंबक असलेली कुठलीही वस्तू या पेटीपासून वीतभर तरी लांब. तुमच्या स्पीकरमध्ये चुंबक असतंच, नाही का?"

"असतं," म्हातारा म्हणाला.

"टेबलावर ठेवून खुशाल काम करा. छातीशी धरू नका, एवढंच."

म्हाताऱ्याने मान हलवली. पण त्याचं हृदय अडखळलं.

कारण छातीशी धरणं हेच त्याचं काम होतं.

त्याचे कान निम्मे गेले होते. पस्तीस वर्षं कर्ण्यांच्या तोंडाशी बसलेल्याचे कान राहतात कुठे? स्पीकरचा फाटका पुठ्ठा काढायचा, नवा बसवायचा, आतली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, मधोमध राहावी म्हणून तिच्याभोवती कागदाच्या पट्ट्या खोचायच्या, सरस लावायचा, एक दिवस वाळू द्यायचं, पट्ट्या ओढून काढायच्या, हे सगळं डोळ्यांनी आणि हातांनी व्हायचं. पण कॉइल कुठे घासते की नाही, ही शेवटची परीक्षा तो छातीने घ्यायचा. स्पीकर चालू करायचा, हलका आवाज सोडायचा, आणि तान्हं मूल घ्यावं तसा तो छातीशी धरून डोळे मिटायचा. कुठे घासत असेल तर त्याच्या बरगड्यांना कळायचं. हात डाखाच्या चटक्यांनी राठ झाले होते, त्यांना काही कळत नसे. छातीची परीक्षा झाल्याशिवाय त्याच्या दुकानातून एकही स्पीकर बाहेर पडला नव्हता.

महिनाभराने तो दुकानात गेला. पहिलाच दुरुस्त केलेला स्पीकर समोर ठेवून खूप वेळ बसला. मग त्याने पुठ्ठ्याच्या कडेपासून मागच्या चुंबकापर्यंत हाताची बोटं ताणून मोजलं.

"वीत भरते," तो स्वतःशीच म्हणाला.

स्पीकरचं तोंड छातीला, चुंबक स्पीकरच्या पाठीला, मध्ये एक वीत. नियम मोडला नाही आणि कामही झालं. हिशेब चुकीचा नव्हता. मोठ्या स्पीकरांचा थरथराट माझ्यापर्यंत यायचा, बाकी काही नाही. खरं सांगतो, मला ते आवडायचं. खालचा जाडा स्वर सगळ्या छातीत भरून यायचा आणि मी, तो, त्याच्या बरगड्या, सगळे एकाच रंगात बुडून जायचो. असे कितीतरी महिने गेले. बायकोला त्याने काही सांगितलं नाही. ती दुकानात यायचीच नाही. डबा घेऊन यायची, पायरीवरूनच आत द्यायची आणि म्हणायची, "घ्या. तुमच्या त्या बाईसाहेबांना पण विचारा जेवता का." दुकानाला ती सवत म्हणायची. पस्तीस वर्षांत तिने उंबरा ओलांडला नव्हता.

मग एके दिवशी कुणीतरी मोटारीच्या दारातले दोन स्पीकर आणून दिले. पातळ, बशीसारखे. म्हाताऱ्याने ते दुरुस्त केले, चालू केले, आणि सवयीने, अगदी विचार न करता, त्यातला एक छातीशी धरला.

ती वीत नव्हती. चार बोटंही नव्हती.

मला एकदम ऐकू येईनासं झालं.

चुंबक जवळ आलं की आमचं असंच होतं. आम्हाला तसंच बनवलेलं असतं. आम्ही हृदयाचं ऐकणं सोडून देतो आणि ठरलेल्या वेगाने बोलत सुटतो, थांबा नाही, वाट बघणं नाही. त्या वेळी त्याचं हृदय आपलं आपण चाललं होतं, छान लयीत. आणि मी बहिऱ्यासारखा त्याच्या बोलण्यात बोलत होतो. त्याचा ठोका, माझा ठोका, एकमेकांच्या पायात पाय. तो घाबरला, आणि घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. त्याने स्पीकर आणखीच आवळला. भिंतीला टेकत टेकत तो खाली बसला.

मला ओरडता आलं असतं तर मी एवढंच ओरडलो असतो: सोड.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. पायरीवरून तिने आत बघितलं. मग मला डबा पडल्याचा आवाज आला, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ती आत आली. तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि तो स्पीकर काढून घेतला.

एका क्षणात मला पुन्हा ऐकू आलं. त्याचा ठोका पडला. मी गप्प बसलो.

"किती दिवस चाललंय हे?" तिने विचारलं.

"मी मोजून घेत होतो. वीत भरते."

"हे भरतं वीत?"

त्याने मूठ मिटली.

"बघू तुमची वीत." तिने त्याचा पंजा उघडला, स्वतःचा त्याच्यावर ठेवला. तिचा बोटभर लहान होता. "आता माझं ऐका. वीत माझी, आणि वर चार बोटं. त्याच्या आत चुंबक दिसलं तर मीच तुम्हाला त्या कर्ण्यात घालून वाजवीन."

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद झालं. किल्ली तिने काढून घेतली नाही. त्यानेच ती तिच्या हातात दिली. "छाती लावल्याशिवाय माल द्यायचा नाही मला," तो म्हणाला. "आणि छाती तर आता लावता येणार नाही."

नंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, कारण त्यांत काही आवाजच नव्हते. तो खिडकीशी बसायचा. बायको शेजारी स्वेटर विणायची; लोकांच्या मागणीवरचं तिचं विणकाम आयुष्यभर चालूच होतं. सुयांची टिकटिक तेवढी माझ्यापर्यंत यायची. तपासणीला नेलं तेव्हा पडद्यावरचे आकडे बघून तंत्रज्ञ म्हणाला, "सगळं उत्तम आहे, काका." उत्तम होतंच. यंत्र चांगलं होतं, तारही पक्की होती. पण आता जवळजवळ प्रत्येक ठोका मलाच टाकावा लागत होता. मी धक्का दिला की हृदय उठायचं, आणि पुन्हा बसायचं. ज्याला कुठे जायचंच नाही, अशा माणसाला मी रोज हात धरून उठवत होतो. मला ठोका टाकता येतो. तो कशासाठी, हे मला देता येत नाही. माझी धाव तिथे संपते.

त्याची बायको हे आकडे न बघता ओळखून होती.

एका सकाळी नाट्यगृहाचा रखवालदार घरी आला. म्हाताऱ्याचा जुना दोस्त, जिभेला हाड नसलेला. त्याने हातगाडीवरून रंगमंचाचा मोठा स्पीकर आणला होता.

"काय उस्ताद, वारलात असं ऐकलं," तो दारातूनच म्हणाला. "भेटून जावं म्हटलं."

"तुला बोलावल्याशिवाय वारत नाही," म्हातारा म्हणाला. कित्येक दिवसांत तो एवढं मोठं वाक्य बोलला नव्हता.

"मग हा घ्या. परवा प्रयोग आहे. राजा बोलायला लागला की सिंहासनाखाली म्हैस बसल्यासारखा आवाज येतो. लोक रडायच्या जागी हसतात."

"दुसरीकडे ने. मी आता करत नाही."

"दुसरीकडे नेऊन आणलाय. तेव्हा एकच म्हैस होती, आता दोन आहेत."

म्हातारा हसला नाही. पण त्याचं हृदय स्वतःहून दोन ठोके चाललं. मी गप्प बसून ते मोजले.

सुयांची टिकटिक थांबली.

"ठेवा तो दुकानात," बायको म्हणाली. "उद्या संध्याकाळी घेऊन जा."

"अगं, मी—"

"तुम्ही पुठ्ठा बसवा. छातीचं मी बघते."

"तू?"

"का? माझ्याकडे छाती नाही का?"

रखवालदार मोठ्याने हसला, मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला, आणि गाडी दुकानाकडे वळवली.

त्या दिवशी ती दुसऱ्यांदा उंबरा ओलांडून आत आली. म्हाताऱ्याने टेबलावर काम केलं, तिने सांगितलेलं अंतर ठेवून. दुसऱ्या दिवशी दुपारी सरस वाळला, त्याने पट्ट्या ओढून काढल्या आणि हलका आवाज सोडला. तिने तो अवजड स्पीकर मांडीवर घेतला आणि वाकून छातीशी टेकवला. म्हातारा खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा होता.

"काय वाटतंय?"

"गुदगुल्या होतायत."

"अगं, नीट सांग."

"नीटच सांगतेय. तुम्ही पस्तीस वर्षं हे करता होय? आणि मला वाटायचं, कष्ट करतात."

"डोळे मीट. कुठे काही लागतंय का बघ. खरखर, घासल्यासारखं."

तिने डोळे मिटले असावेत, कारण ती गप्प झाली. खोलीभर तो जाडा स्वर पसरला होता. लांबून का होईना, तो माझ्यापर्यंत येत होता, धुक्यातून घंटा ऐकू यावी तसा. म्हातारा श्वास धरून उभा होता. मला त्या पांढऱ्या खोलीतली बाई आठवली.

"थांबा," ती म्हणाली. "आहे. खाली, उजव्या अंगाला. सलग विणत जावं आणि मध्येच एक टाका सुटावा, तसं."

"दर वेळी सुटतो?"

"नाही. आवाज मोठा झाला की."

म्हातारा पुढे आला. "स्क्रू एक घर सैल कर. तो नव्हे, त्याच्या शेजारचा. आता पुठ्ठा अंगठ्याने वर सरकव. हळू. केसभर."

"तुमचा केस की माझा?"

"आता?"

तिने पुन्हा छाती लावली.

"आता सलग आहे," ती म्हणाली. "एकही टाका सुटत नाही."

म्हातारा खाली बसला, काळ्या डागाशेजारी, फरशीवर. आणि हसायला लागला. अख्खा हसला, छाती हलेपर्यंत. मी एक सेकंद मोजायला घ्यायचो आणि सेकंद पुरा व्हायच्या आतच त्याचा ठोका पडायचा. पुन्हा मोजायला घ्यायचो, पुन्हा पडायचा. त्या सबंध हसण्यात मला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही. माझ्यासारख्याच्या आयुष्यात याहून चांगला दिवस नसतो.

रखवालदार येऊन स्पीकर घेऊन गेला. जाताना म्हणाला, "वहिनी, म्हशी गेल्या?" ती म्हणाली, "एक गेली. दुसरी गाडी ओढतेय."

मग वर्षं गेली. ती कशी गेली ते सांगता येणार नाही; एका लयीत चाललेल्या गोष्टीत खुणेची जागा सापडत नाही. रोज दुपारी ती दुकानात यायची. डबा दोघांचा एकच असायचा. विणकामाची पिशवी सरसाच्या बरणीशेजारी टांगलेली असायची. तिचे शब्द दुकानाचे झाले. "दोन टाके सुटतायत." "कडेला उसवलंय." "वीण घट्ट झालीय, जरा ढील द्या." तो तेवढ्यावरून बिनचूक काम करायचा. सवत हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही.

मी मात्र थकत चाललो होतो. आमची ताकद मोजून दिलेली असते. दहाव्या वर्षी तपासणीला तंत्रज्ञाने पडद्याकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे. "काका, पेटीची बॅटरी संपत आलीय. घाबरायचं नाही. तारा त्याच राहतील, फक्त पेटी बदलायची."

"हिला काय होईल?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कुणाला?"

"पेटीला."

तंत्रज्ञाने पुन्हा पडद्याकडे बघितलं.

ज्या खिशात मी राहत होतो, तो त्यांनी पुन्हा उघडला. दहा वर्षांनी मी उजेड पाहिला. पेच सैल झाला, तार माझ्यातून निघाली, आणि मी ट्रेमध्ये आलो. ती तार नव्या पेटीत जाईपर्यंत दोन ठोक्यांएवढी जागा रिकामी गेली असेल. त्या जागेत मी बोललो. दोन्ही वेळा बोललो. पण तार नव्हती, माझं बोलणं कुठेच पोहोचलं नाही.

मग समोरच्या यंत्रावर ठोका उमटला. दुसरा उमटला. नवा चांगला होता. त्याला वाट बघता येत होती.

म्हाताऱ्याने मला मागून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही घेतली, मला स्वच्छ करून एका छोट्या पाकिटात घालून दिलं, आणि म्हणाल्या, "काय करणार हिचं?" तो म्हणाला, "दुकानात ठेवीन. दहा वर्षं कामाला होती."

म्हणून आता मी इथे आहे, स्पीकरांच्या दुकानात, टेबलावर. मला बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. अजून थोडी ताकद आहे, म्हणून अजूनही मी दर सेकंदाला एकदा बोलतो. समोर ऐकणारं कुणी नाही, पण सवय आहे.

जाता जाता एक सांगतो. तुमच्या घरात कुणी दोन पायऱ्या चढून मध्येच बसायला लागलं, बोलता बोलता डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणायला लागलं, तर ते वयाच्या माथी मारून चहा पिऊ नका. त्याचं मनगट हातात घ्या आणि एक मिनिटभर मोजा. ठोके फार लांब लांब पडत असतील तर डॉक्टरकडे न्या. आमच्यातला कुणीतरी कुठल्यातरी कपाटात सेकंद मोजत बसलेला असेल. आणि तो आत आला म्हणजे सगळं झालं असंही समजू नका. तो ठोका देईल. बाकीचं तुम्ही द्यायचं.

काल दुपारी म्हातारा बाहेर पायरीवर रखवालदाराशी बोलत बसला होता. ती आत एकटी होती. तिने मला पाकिटातून काढलं, तळहातावर घेतलं, इकडून तिकडून बघितलं. मग खुर्चीत बसली आणि परीक्षेला स्पीकर धरावा तसं मला छातीशी धरून डोळे मिटले.

दहा वर्षं मी तिला पलीकडून ऐकत आलो होतो. अलीकडून कधीच नाही. मी सवयीने सेकंद मोजायला घेतला. तिचा ठोका पडला. मी गप्प बसलो. पुन्हा मोजायला घेतला, पुन्हा पडला. सलग, एकही टाका न सुटता. किती वेळ आम्ही तसे होतो, मला माहीत नाही.

मग तिने डोळे उघडले. पट्ट्यांचा ड्रॉवर ओढला. त्याच्या एका कोपऱ्यात कुठल्याशा जुन्या स्पीकरचं चुंबक पडलेलं होतं. तिने त्याच्यापाशी अंगठा टेकवला, बोटं ताणून वीत मोजली, वर चार बोटं ठेवली, आणि जिथे ती संपली तिथे, कागदाच्या पट्ट्यांवर, मला अलगद ठेवलं.

ड्रॉवर अर्धाच लावून ती बाहेर गेली.